उपांत्यावर जोर

भोकरदनात कडूबा जंजाळ सरांच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला कुणी स्वतः जात नसे. शेजाऱ्याच्या हाती पाठवत, नाहीतर दाराच्या फटीतून आत सरकवत आणि पळ काढत. सर पत्रिका हातात घ्यायचे, चष्मा पुसायचे, खिशातून लाल पेन काढायचे आणि मुलीच्या बापाला समोर बसवून ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. ‘आशिर्वाद’वर गोल, ‘उपस्थीती’वर गोल, ‘आग्रहाचे निमंत्रन’वर दोन गोल. हसनाबादहून आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी मुलीच्या पत्रिकेबद्दल वीसपैकी सहा गुण दिले आणि पुन्हा लिहून आणा असं सांगून चहा न पाजता परत पाठवलं. तो पाहुणा पुढे सात वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. सरांना ते कळलंच नाही, कारण त्या सात वर्षांत त्याच्या घरी दुसरं लग्न नव्हतं.

चौतीस वर्षं सरांनी मराठी शिकवली. शिकवली म्हणजे फोडली. कविता समोर आली की ते तिचे लघु-गुरु पाडायचे, गण मोजायचे, वृत्त सांगायचे आणि पान उलटायचे. कवितेत काय आहे, असं एका मुलीनं एकदा विचारलं होतं. चौदा अक्षरं आहेत, असं सरांनी सांगितलं.

त्यांची बायको चतुराबाई शहागडची. बापाचं हायवेवर चहाचं हॉटेल होतं. पंजाबी, तमिळ, बिहारी, सगळ्या मुलखांचे ट्रकवाले तिथं थांबायचे, आणि परकरातली चतुरा फळीमागं बसून त्यांची बोलणी ऐकायची. शाळा चौथीत सुटली, पण एकदा ऐकलेला आवाज तिच्या कानातून पुन्हा बाहेर गेला नाही. भोकरदनला आल्यावर तिनं पहिल्याच महिन्यात मिरची बाजारातल्या बोली लावणाऱ्या अडत्याची अशी नक्कल केली, की आळीतल्या बाया पोट धरून बसल्या. सर नेमके तेव्हाच घरी आले. शिक्षकाच्या पत्नीला हे शोभत नाही, असं त्यांनी शुद्ध भाषेत सांगितलं. तेव्हापासून चतुराबाई त्यांच्यासमोर नक्कल करत नसे. मागे मात्र करायची, आणि बहुतेक वेळा त्यांचीच.

सर सेवानिवृत्त झाले आणि दुरुस्त करायला माणसंच उरली नाहीत. मग ते बसस्टँडवर जाऊन पाट्या वाचत, कंट्रोलरला चुका सांगत. कंट्रोलर त्यांना दुरून पाहूनच चहाला निघून जाई. अशी दोन वर्षं गेली, आणि मिथुन आला.

मिथुन हा सरांचा जुना विद्यार्थी. आधी त्यानं मोबाइलचं दुकान काढून पाहिलं, मग आरओच्या पाण्याचे जार. दोन्ही बुडाल्यावर तो संभाजीनगरला गेला, तिथं त्यानं परदेशी भाषांच्या क्लासचे बोर्ड पाहिले, आणि परत येऊन खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर ‘गगनभरारी इंटरनॅशनल लँग्वेज अकॅडमी’ काढली. इटलीत म्हातारी माणसं फार झाली, त्यांना सांभाळायला नर्सा मिळत नाहीत, भाषा आली तर आपल्या पोरींना तिथं नोकरी आहे, एवढं त्याला कळलं होतं आणि ते खरंही होतं. नर्सिंग झालेल्या अकरा पोरी त्यानं जमवल्या. पुण्याची एक बाई इंटरनेटवरून शिकवायची. दीड महिन्यात तिला दुसरीकडं काम मिळालं आणि ती पडद्यावरून नाहीशी झाली.

तेव्हा मिथुनला सरांची आठवण आली. इटालियन त्यांना येत नाही, ही अडचण त्यानं मनातल्या मनात निकालात काढली. व्याकरण म्हणजे व्याकरण. त्याचा असाही हिशेब होता, की सरांसमोर बसलेलं पोरगं वर्ग सोडून पळत नाही. पळायची हिंमतच राहत नाही.

सरांनी सहा आठवड्यांची मुदत मागितली. पुस्तक घेतलं, त्याची झेरॉक्स काढली, ओट्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल पेनानं वाचलं. पुस्तकासोबत ऐकायचे पाठ होते, ते मोबाइलवर लावायचे होते. सरांनी ते लावले नाहीत. भाषा ऐकून येते असं मानणाऱ्यांनी पोपट पाळावा, असं ते वर्गात नेहमी म्हणत.

इटालियन लिपीत एक खोड आहे. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर तिथं तिरपी रेघ देतात; बाकी कुठं जोर द्यायचा ते लिहीत नाहीत. सर चार दिवस या खोडीवर अडून राहिले. पाचव्या दिवशी त्यांना दिसलं, की पुस्तकातल्या उदाहरणांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतोय. शेवटून दुसरं, म्हणजे उपांत्य! मराठीच्या शुद्धलेखनात ज्या उपांत्य अक्षरासाठी त्यांनी चौतीस वर्षं पोरांचे कान उपटले, तेच उपांत्य अक्षर इटलीच्या लोकांनीही मानलं होतं. सर ओट्यावरून उठून उभे राहिले. एवढा आनंद त्यांना थोरल्या मुलीच्या बारशाला झाला नव्हता. नवव्या पाठाच्या तळाला बारीक टाइपात लिहिलं होतं, की काही क्रियापदांत आघात मागे सरकतो, तो ऐकून आत्मसात करावा. सरांनी ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, ‘लेखकाचा आळस’.

शब्द फोडण्याच्या बाबतीतही पुस्तकाची आणि त्यांची जुंपली. वाट पाहतात या अर्थाच्या क्रियापदाचे तुकडे पुस्तकानं ‘आ-स्पेत्-ता-नो’ असे पाडले होते. सरांना हे सहन झालं नाही. जोडाक्षराचा भार मागच्या अक्षरावर जातो, हे सातवीतल्या पोराला कळतं. त्यांनी ते ‘अस्-पेत्-ता-नो’ असं दुरुस्त केलं, आणि पुस्तकभर असे बहात्तर शब्द सापडले तेव्हा बहात्तर ठिकाणी केलं.

वर्ग दुपारी भरायचा, कारण पोरींच्या दवाखान्यातल्या पाळ्या सकाळ-संध्याकाळच्या. खालच्या दुकानातून खताचा उग्र वास जिन्यानं वर यायचा. सर फळ्यावर क्रियापद लिहायचे, उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडायचे, शेवटून दुसऱ्या तुकड्याखाली लाल खडूनं आडवी रेघ ओढायचे आणि त्या तुकड्यावर पोरी आल्या की डस्टर टेबलावर आपटायचे. पार-ला-नो. ठण. ते बोलतात. आ-बि-ता-नो. ठण. ते राहतात. ते-ले-फो-ना-नो. ठण. ते फोन करतात. दुसऱ्या आठवड्यात खालच्या दुकानदारानं मिथुनला विचारलं, की वर सुतारकाम काढलंय का.

नसरीन नावाची एक मुलगी होती. तिच्या बापाचं, कमरोद्दीनचं, बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करायचं टपरीवजा दुकान होतं. बारीक कामाची नजर तिच्यात बापाकडून उतरली होती. ती रोज कानात वायर घालून ऐकायचे पाठ ऐकायची. एक दिवस तिनं हात वर केला आणि म्हणाली, की सर, मोबाइलमधला माणूस ‘पार्लानो’ म्हणताना पहिल्याच अक्षरावर जोर देतो, ‘ला’वर देत नाही. ‘आबितानो’चंही तसंच.

सरांनी डस्टर खाली ठेवलं. तो मोबाइलमधला माणूस कुठल्या गावचा आहे, असं त्यांनी विचारलं. नसरीनला माहीत नव्हतं. असेल एखादा तिकडचा खेडवळ, सर म्हणाले, आपल्याकडं नाही का ‘न्हाई’ म्हणणारे असतात. म्हणून काय ते आपण शिकवायचं? मग त्यांनी तिला ती दोन्ही क्रियापदं आणि शिवाय ‘तेलेफोनानो’, उपांत्याखाली रेघ ओढून, पन्नास-पन्नास वेळा लिहून आणायला सांगितली. तिनं आणली. पुन्हा कुणी हात वर केला नाही.

चार महिन्यांनी मुलाखत आली. इटलीतल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमांसाठी नर्सा निवडणारी एक बाई पडद्यावर यायची होती आणि तिच्याबरोबर एक केरळची दुभाषी. मिथुननं भिंतीवर मोठा टीव्ही लावला, खताचा वास जावा म्हणून उदबत्त्या लावल्या. इटलीत वास पोचत नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. सरांनी संभाव्य प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून पोरींकडून घोकून घेतली होती. स्वतः ते नवा सदरा घालून कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात बसले.

पहिला नंबर अर्पिताचा. पारधची पोरगी, आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. म्हातारे रुग्ण पडू नयेत म्हणून काय काळजी घ्याल, असं बाईंनी विचारलं. अर्पितानं घोकलेलं उत्तर सुरू केलं, पडण्याच्या घटना वारंवार घडतात. ‘घडतात’ला शब्द आहे ‘कापितानो’, आणि त्याचा जोर पहिल्या ‘का’वर. अर्पितानं सरांनी शिकवल्याप्रमाणे तो ‘ता’वर दिला, आणि कोपऱ्यात सरांनी समाधानानं मान हलवली.

जोर ‘ता’वर दिला की त्याच शब्दाचा अर्थ होतो, कप्तान.

 कुठला कप्तान, असं बाईंनी विचारलं. अर्पिताला वाटलं, कुठं घडतात असं विचारतायत. ती ठासून म्हणाली, बाथरूममध्ये.

दुसऱ्या मुलीच्या उत्तरातही कप्तान आला. तिसरीच्या उत्तरात तो जिन्यावरून खाली आला. चौथीनंतर बाईंनी दुभाषीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दुभाषीनं हिंदीत विचारलं, की तुमच्या गावात लष्कराचा दवाखाना आहे का. मिथुनला प्रश्नाचा रोख कळला नाही. नाही म्हटलं तर वाईट दिसेल असं वाटून तो म्हणाला, जी, बिलकुल है.

नसरीनचा नंबर सातवा. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. उत्तर बदलून बोलायचं असं तिनं खुर्चीत बसतानाच ठरवलं, आणि कप्तान तिनं टाळलाही. पण घरची माणसं फोन करतात असं सांगताना तिची जीभ, पन्नास वेळा लिहिलेल्या हाताच्या मागं जाऊन, ‘ना’वरच आपटली. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. नसरीन मधेच गप्प झाली आणि पुढं बोललीच नाही.

दोन दिवसांनी मेल आली. अकरापैकी कुणीच नाही. चार महिन्यांनी पुन्हा संधी देता येईल. खाली एक शेरा होता, ‘शब्द भरपूर पाठ आहेत, भाषा ऐकलेली दिसत नाही.’

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते, असं सरांनी मिथुनला सांगितलं.

त्याच दुपारी नसरीन त्यांच्या घरी आली. सर ओट्यावर पेपर वाचत होते, आणि दारात चतुराबाई सुपात मिरच्या घेऊन देठं खुडत बसली होती. नसरीननं बसायला दिलेला पाट घेतला नाही. तिनं मोबाइल काढला आणि म्हणाली, सर, तीन शब्द ऐका. तिन्ही लिहायला एकच. फक्त तिसऱ्याच्या शेवटावर रेघ आहे.

मोबाइलमधली बाई म्हणाली, ‘कापितो’. पुन्हा म्हणाली, ‘कापितो’. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘कापितो’.

सरांनी ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा ऐकलं. मग चष्मा काढून ते म्हणाले, की तिन्ही एकच आहेत.

“एक न्हाईत,” नसरीन म्हणाली. “पहिला म्हणजे मी सहज येऊन टपकते. दुसरा म्हणजे समजलं. तिसरा म्हणजे घडलं. सर, तुम्ही आम्हाला शिकवायच्या आधी हे एकदा तरी ऐकलं होतं का?”

व्याकरण ऐकायचं नसतं, वाचायचं असतं, असं सर म्हणाले. पण म्हणताना ते तिच्याकडं पाहत नव्हते. खोटं ते बोलत नव्हते. त्यांना खरंच तिन्ही शब्द एकसारखे ऐकू आले होते. अक्षराची लांबी-रुंदी मोजण्यात त्यांची हयात गेली होती. अक्षर म्हणणाऱ्या तोंडाकडं त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ‘कापितो. कापितो. कापितो.’ हुबेहूब मोबाइलमधली बाई, तिच्या नाकातल्या तोऱ्यासकट. नसरीननं दचकून मोबाइलकडं पाहिलं. तो बंद होता. चतुराबाई मिरचीचं देठ खुडत होती.

“ह्याच्यात काय एवढं,” ती म्हणाली. “पह्यली गाडी धुरजड हाय, सगळा बोजा मोहरं. दुसरीचा मधी, बराबर. तिसरी उलाळ, समदं वझं मागं. आवो, लहान लेकराला कळंल.”

बैलगाडीत माल पुढं जास्त झाला की धुरजड, मागं जास्त झाला की उलाळ. शहागडच्या नाक्यावर बसून तिनं बैलगाड्याही पाहिल्या होत्या आणि ट्रकही. नसरीन खालीच बसली. तिनं पुढचा शब्द लावला, चतुराबाईनं म्हणून दाखवला. अर्ध्या तासात वीस क्रियापदं झाली. ‘तेलेफोनानो’ आला तेव्हा चतुराबाई थांबली आणि म्हणाली, की हे बेणं लईच बेरकी, वझं पार मोहरं ‘ले’वर टाकून मागची तीन चाकं रिकामी पळवतंय. मुलाखतीपासून नसरीन पहिल्यांदा हसली. सर पेपरमध्ये तोंड घालून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

तीन दिवस सरांनी पुस्तक मिटूनच ठेवलं. चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर पुस्तक आणि मोबाइल घेऊन चतुराबाईसमोर बसले. तिच्याकडं न बघता त्यांनी एक क्रियापद लावलं आणि वझं कुठंय असं विचारलं. वझं हा शब्द त्यांच्या तोंडून अठ्ठावीस वर्षांच्या संसारात प्रथमच आला. ती सांगत गेली, ते खुणा करत गेले. आठ दिवसांत पुस्तक पूर्ण झालं. जिथं जिथं अनेकांचं क्रियापद होतं, ते बोलतात, ते राहतात, ते घडतात, तिथं तिथं उपांत्य पडलं होतं आणि भार त्याच्या आधीच्या एखाद्या अक्षरावर सरकला होता. बोलतो, राहतो याचा जोर जिथं, तिथंच बोलतात, राहतात याचाही. नुसतं शेवटी एक शेपूट वाढलेलं. नियम सरळ होता. नवव्या पाठाच्या खोडलेल्या ओळीतही तोच होता.

वर्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘जंजाळ अपवाद’. प्रदीर्घ संशोधनाअंती आपल्याला असं आढळून आलं आहे, असं म्हणून त्यांनी तो पाऊण तास समजावला. धुरजडला त्यांनी ‘अग्रभारी’ असं नाव दिलं होतं, उलाळला ‘अंत्यभारी’. आपण हे कुणाकडून ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. नसरीन दुसऱ्या बाकावर बसून त्यांच्याकडं पाहत राहिली, आणि सर त्या बाकाकडं सोडून सगळीकडं पाहत राहिले.

पण अपवाद फळ्यावर लिहिणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. सर ‘पार्लानो’चा ‘पा’ दाबायला जायचे आणि घसा एवढा ताणायचे की पोरींना वाटे, ठसका लागला. चौथ्या दिवशी नसरीन उठून म्हणाली, की काकूंना आणा ना सर. अर्पितानंही री ओढली. सरांनी मिथुनकडं पाहिलं. मिथुनला मेलमधला शेरा पाठ झाला होता. तो म्हणाला, की सर, मी स्वतः गाडी घेऊन आणायला जातो.

चतुराबाई आली. सरांनी तिला दाराजवळ स्टूल दिलं आणि ही सहायक म्हणून बसेल असं सांगितलं. पहिल्या दिवशी ती पदर सावरून गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल पुढं ओढलं. आठवड्याभरात वर्ग तिच्याभोवती बसायला लागला. ती क्रियापद म्हणायची, पोरी टाळी वाजवायच्या, आणि टाळी चुकली की ती म्हणायची, की बाई, तुही गाडी उलटली. ती पोरींना इटलीतली म्हातारी करून दाखवायची, चिडलेली, रडलेली, औषध नको म्हणणारी, आणि पोरी तिला त्या भाषेत समजावायच्या. अर्थ तिला निम्मा कळायचा, सूर सगळा. अग्रभारी हा शब्द पोरींच्या वहीत राहिला, तोंडात धुरजडच. सर हजेरी घेत, फळा पुसत, आणि कुणी विचारलं नाही तरी अधूनमधून नियम सांगत.

दुसरी मुलाखत झाली. या वेळी कप्तान आला नाही. घटना घडल्या, माणसांनी फोन केले, म्हाताऱ्यांनी वाट पाहिली, सगळं आपापल्या जागी वजन टाकून. शेवटी बाई हसल्या आणि म्हणाल्या, की चार महिन्यांत एवढा फरक. शिकवणारे कोण आहेत, मला भेटायचंय.

कुणी काही बोलायच्या आत सर कोपऱ्यातून उठले. सदरा खाली ओढला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना इटालियनमध्ये एक लांब प्रश्न विचारला. सरांना त्यातलं एकही अक्षर कळलं नाही. वाचून आलं असतं, ऐकून येत नव्हतं. त्यांनी छाती फुगवली आणि म्हणाले, “सी, सी.” हो, हो.

दुभाषीनं सवयीनं हिंदी करून सांगितलं. मॅडमनं विचारलं, की यांना तुम्ही एकट्यानं तयार केलंत का. सर हो म्हणाले.

माडीवरच्या सगळ्या पोरींनी दाराकडं पाहिलं. चतुराबाई दाराजवळच्या स्टुलावर होती. हिंदी तिला हायवेवरच आली होती. ती उठली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

अकरापैकी आठ निवडल्या गेल्या. मिथुननं बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला, त्यावर सरांचा शाल पांघरलेला फोटो आणि खाली ‘इटालियन भाषेचे गाढे अभ्यासक’. सर दोनदा तिकडून चालत गेले, पाटी वाचायला म्हणून.

पण नवीन तुकडी आली होती, सतरा पोरींची, आणि चतुराबाई वर्गात येत नव्हती. ती घरी काही बोलतही नव्हती. स्वयंपाक वेळेवर, चहा वेळेवर, शब्द मात्र नाही. पाच दिवस सरांनी एकट्यानं वर्ग रेटला. सतरा पोरी सतरा ठिकाणी वझं टाकत होत्या आणि सरांना ते ऐकू येत नव्हतं. सहाव्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“चल,” ते म्हणाले.

“कुठं?”

“वर्गावर.”

“काय म्हणून येऊ? स्टूल पुसाया?”

सरांनी दाराची चौकट धरली. लघु-गुरु शोधत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, “शिकवायला.”

“हितं म्हून काय उपेग,” चतुराबाई म्हणाली. “म्या चुलीम्होरं कव्हाचीच शिकीवते. तिथं म्हना, पोरींम्होरं. मंग येते.”

सरांनी म्हटलं. घसा साफ करून, फळ्याकडं तोंड करून, पण म्हटलं, की आजपासून उच्चार या शिकवतील, मलाही त्यांनीच शिकवला. आपल्या बायकोला ‘या’ म्हणायची त्यांची ती पहिली वेळ. जोर कुठं पडला ते सांगणं अवघड आहे, कारण ते वाक्य फार घाईत गेलं. चतुराबाईनं टेबलामागची खुर्ची घेतली. फ्लेक्स मात्र तसाच राहिला. मिथुनचं म्हणणं होतं, की छपाई एकदाच होते.

नसरीन दिवाळीनंतर गेली. कमरोद्दीननं दुकानाला कुलूप लावून तिला थेट विमानतळापर्यंत सोडलं. उत्तर इटलीतल्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात ती काम करते. ती दर रविवारी चतुराबाईला व्हिडिओ कॉल लावते, आणि आश्रमातल्या दोन-तीन म्हाताऱ्या मोबाइलपुढं येऊन चतुराबाईला काहीबाही बोलतात. चतुराबाई त्यांचंच बोलणं त्यांना जसंच्या तसं परत म्हणून दाखवते. त्या हसून लोळतात.

सरांनी या वर्षी इटली सरकारला एक पत्र लिहिलं, आठ पानी, इटालियनमध्ये. आपल्या देशात क्रियापदांवरचे आघात छापले जात नाहीत ही गंभीर त्रुटी असून त्यामुळे परदेशी विद्वानांची दिशाभूल होते, तरी सर्व शब्दांवर खुणा करण्याचा आदेश तत्काळ काढावा, असा त्याचा मथितार्थ. योग्य त्या मंत्र्याला द्यावं, असं सांगून त्यांनी ते नसरीनला पाठवलं. नसरीनला मंत्री कुठं सापडणार. तिनं ते आश्रमातल्या सिन्योरा ओर्तेन्सियाला दाखवलं. ही अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली. तिनं दोन दिवस पत्र ठेवून घेतलं, पेन्सिलनं त्यात एकोणीस चुका दाखवल्या आणि खाली लिहिलं, की आमच्या मुलांना हे आईच्या तोंडून कळतं, छापायची गरज पडत नाही.

दुरुस्त केलेलं पत्र परत आलं, तेव्हा सर आठ दिवस ओट्यावरून हलले नाहीत. पुस्तक, कोश, वही, सगळं समोर. चतुराबाईनं विचारलं, की काय करून राह्यले, तर त्यांनी कोशाचं पान उलटलं. शेवटी त्यांनी एकोणीसपैकी सोळा चुका मान्य केल्या, तसं लेखी कळवलं. उरलेल्या तीन चुकांबाबत त्यांचा आणि सिन्योरा ओर्तेन्सियाचा पत्रव्यवहार चालू आहे.